दलदलीतलं तट्टू

हिल्टन हेडला तुम्ही गेला असालच. शार्लट, रॅली, ग्रीनव्हिल, अटलांटा इथल्या मराठी घरांमधून मोठ्या वीकेंडला चार गाड्या निघतात, समुद्राजवळचं एक घर मिळून भाड्याने घेतात, आणि तीन दिवस मुलं वाळूत नि मोठी माणसं पत्त्यांत. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरचं हे बेट आज गोल्फची मैदानं, बंद फाटकांच्या वसाहती आणि महागडी रेस्टॉरंटं यांसाठी ओळखलं जातं. या बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पूल झाला १९५६ साली. त्याआधी बेटावर मोटारी मोजक्याच होत्या. शेत नांगरायचं, चर्चला जायचं, धक्क्यावरून सामान आणायचं, सुईणीला बोलवायला धावायचं, या सगळ्या कामांना एकच जनावर होतं. लहान चणीचं, दणकट हाडाचं, गुडघाभर चिखलातून शांतपणे चालणारं घोडं. त्याचं नाव मार्श टॅकी. तुम्ही ज्या वाळूत छत्री रोवता त्याच वाळूत या घोड्यांच्या शर्यती लागत.

नावातला पहिला शब्द सरळ आहे, मार्श म्हणजे दलदल. दुसरा गमतीचा आहे. एखाद्याचा भडक शर्ट किंवा लग्नातली प्लॅस्टिकची तोरणं पाहून आपली इथे वाढलेली मुलं नाक मुरडून ‘टॅकी’ म्हणतात ना, तोच हा शब्द. पण प्रवास उलटा झालेला आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘टॅकी’ हा शब्द १८०० च्या सुमारास सापडतो तो घोड्यासाठी: किरकोळ, कमी किमतीचं, गरिबाघरचं घोडं. मग असं घोडं बाळगणाऱ्या गरीब गोऱ्या माणसाला टॅकी म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शब्द घोडा आणि माणूस दोघांनाही सोडून वस्तूंना चिकटला. घोडा राहिला मागे, त्याची हेटाळणी तेवढी जगभर गेली.

आपल्याकडे याला तंतोतंत जोड आहे. ‘तट्टू’. भाड्याचं तट्टू, शामभटाची तट्टाणी. मराठीत घोडा म्हटलं की छाती फुगते आणि तट्टू म्हटलं की हसू येतं. पण भीमथडीची तट्टं हा शब्दप्रयोग ज्या काळात रूढ झाला त्या काळात त्या तट्टांच्या टापा अटकेपर्यंत ऐकू जात होत्या. पुतळ्यांवर आणि कॅलेंडरांवर आपण जे उंच, पांढरेशुभ्र, पुढचे दोन पाय हवेत उचललेले अरबी घोडे पाहतो, ते सरदारांकडे असतील. फौज मात्र तट्टांवर चालली.

या दोन तट्टांची गोष्ट एकत्र सांगावी असं माझ्या मनात बरेच दिवस होतं. गेल्या वसंतात साउथ कॅरोलायनाच्या सखल किनारपट्टीत, ज्याला तिथे लो कंट्री म्हणतात, मार्श टॅकी पाळणाऱ्या एका शेतावर आधी फोन करून जाऊन आलो, आणि मग लिहायला घेतलं.

तुम्हाला जायचं असेल तर इंटरस्टेट ९५ वरून समुद्राच्या बाजूला वळा. हमरस्ता सोडल्यावर पंधरा मिनिटांत देश बदलतो. मोठमोठे ओक, त्यांच्या फांद्यांवरून जटांसारखं लोंबणारं करडं शेवाळ, पाइनची रानं, मधूनच काळं स्थिर पाणी. शेत म्हणजे आपल्या डोळ्यापुढे येतं तसं हिरवंगार कुरण नव्हे. कुंपणाच्या आत एक कोरडा उंचवटा, बाकी अर्धं रान आणि अर्धा चिखल. घोडी चिखलाच्या बाजूलाच उभी होती.

पहिली गोष्ट जाणवते ती उंची. घोड्याची उंची खांद्यापाशी मोजतात आणि इंग्रजीत ‘हँड’ मध्ये सांगतात. एक हँड म्हणजे चार इंच. मार्श टॅकी साधारण तेरा ते पंधरा हँड, म्हणजे चौदाचं घोडं धरलं तर चार फूट आठ इंच. मी फार उंच नाही, तरी मला त्याच्या पाठीवरून पलीकडचं दिसत होतं. छाती अरुंद आणि खोल, पुठ्ठे उतरते, शेपूट खाली लागलेली, कपाळ रुंद, डोळे मोठे. रंगांत विविधता भरपूर. त्यातला एक उंदरासारखा राखी, पाठीच्या कण्यावरून आयाळीपासून शेपटीपर्यंत काळी रेघ ओढलेली, पायांवर फिकट पट्टे. ही रेघ आणि हे पट्टे जुन्या स्पॅनिश वंशाच्या घोड्यांत पुष्कळदा दिसतात.

दुसरी गोष्ट वागणं. घोडा हे मुळात घाबरट जनावर. पाय रुतला की तो उधळतो, धडपडतो आणि आणखी खोल जातो. पायही मोडून घेतो. मालकीणबाईंनी एक घोडी ओहोळाच्या कडेने चालवून दाखवली. मागचे पाय जवळजवळ पोटापर्यंत गेले. घोडी थांबली. श्वास घेतला. मग अंग एका बाजूला झुकवून एकेक पाय मोकळा केला आणि बाहेर आली. बाई म्हणाल्या, हे तिला कुणी शिकवलेलं नाही, जी घोडी घाबरत होती ती तीनशे वर्षांपूर्वीच चिखलात राहिली, शिंगरं झाली ती न घाबरणाऱ्यांना. निसर्गाची निवड मी शाळेत शिकलो होतो, पण इतक्या थोडक्यात मला ती कुणी सांगितली नव्हती.

चालही वेगळी. दुडक्या चालीत सामान्य घोडा दोन ठोक्यांत चालतो आणि स्वाराचं अंग खिळखिळं करतो. मार्श टॅकीच्या चालीत चार ठोके असतात, त्यामुळे धक्का कमी बसतो. या चालीला तिथे ‘स्वाम्प फॉक्स ट्रॉट’ म्हणतात. दलदलीतला कोल्हा. त्या कोल्ह्याकडे येतोच, पण आधी हे घोडं इथे आलं कसं ते पाहू.

अमेरिका खंडात घोडे मुळात होते, पण हजारो वर्षांपूर्वी नामशेष झाले. परत आणले ते स्पॅनिश लोकांनी. फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन त्यांनी १५६५ मध्ये वसवलं आणि पुढच्याच वर्षी साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर सांता एलेना. इंग्रजांचं जेम्सटाउन त्यानंतर चाळीसेक वर्षांनी आलं. सांता एलेना १५८७ मध्ये स्पॅनिशांनी स्वतःच सोडून दिलं. ती जागा आज पॅरिस आयलंडवर, मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण तळावर आहे, आणि गावाचे अवशेष उत्खननात मिळाले ते तळाच्या गोल्फ मैदानाखाली. या किनाऱ्यावर गोल्फपासून कशाची सुटका नाही.

किनाऱ्यावरचे घोडे नेमके कुठल्या खेपेतून उरले यावर भांडायला वाव आहे. काही वसाहतींतून सुटलेले, काही फ्लोरिडातल्या स्पॅनिश मिशनांमधून मूळ अमेरिकन जमातींकडे आणि त्यांच्याकडून चार्ल्सटनच्या व्यापाऱ्यांकडे आलेले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्सटनमधून हरणाच्या कातड्यांचा मोठा व्यापार चाले आणि आतल्या मुलखातून कातडी लादून आणणारे तांडे अशाच घोड्यांचे असत. आपल्या लमाणांच्या तांड्यांत बैल, इथे घोडे.

आता १७८० साल. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली वर्षं उत्तरेत गेली. मग इंग्रजांनी दक्षिणेकडे मोर्चा वळवला. बानास्टर टार्लटन नावाचा पंचविशीतला घोडदळ अधिकारी आपली पलटण घेऊन न्यू यॉर्कहून जहाजाने निघाला. वाटेत वादळं लागली आणि घोडे मेले, बहुतेक सगळे. किनाऱ्याला उतरलेल्या घोडदळाजवळ खोगीर होतं, घोडा नव्हता. पोर्ट रॉयलच्या आसपास, म्हणजे हिल्टन हेडच्या शेजारी, टार्लटनने मिळतील ते स्थानिक घोडे गोळा केले. पुढे १७८७ मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने या घोड्यांबद्दल नाराजीच लिहिली आहे: आम्ही आणलेल्यांच्या मानाने हलके. एप्रिल १७८० मध्ये मंक्स कॉर्नरला त्याने अमेरिकन घोडदळावर रात्री छापा घातला, चारशेच्या आसपास उंच, जातिवंत घोडे हाती लागले, आणि पलटण पुन्हा तोऱ्यात आली. किनाऱ्यावरची तट्टं त्याच्या हिशेबातून गेली.

मे महिन्यात चार्ल्सटन पडलं. ऑगस्टमध्ये कॅम्डेनला जनरल गेट्सच्या अमेरिकन फौजेची वाताहत झाली. दक्षिणेत अमेरिकनांची नियमित फौज म्हणावी अशी उरलीच नाही. उरले ते गावोगावचे शेतकरी, आणि त्यांना बांधून ठेवणारा फ्रान्सिस मॅरियन. चाळिशी उलटलेला, किरकोळ अंगाचा, कमी बोलणारा माणूस. चार्ल्सटन पडलं तेव्हा तो कैद व्हायचा वाचला, कारण घोटा मोडल्यामुळे तो शहराबाहेर होता. कुणाच्या तरी मेजवानीत यजमानाने दारू संपेपर्यंत दारांना कुलूप लावलं आणि मॅरियनने खिडकीतून उडी मारली, अशी हकीकत सांगतात.

मॅरियनची माणसं बिनपगारी होती. घोडा आपापल्या घरचा, बंदूक घरची, पोटाची सोयही आपापली. पेरणीच्या वेळी घरी जात, निरोप आला की परत येत. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको: हे शिलेदार. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर, स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार. शिलेदारी फौजेचे गुणदोष दोन्हीकडे एकच. घोडा मेला तर घरचं नुकसान, म्हणून समोरासमोर उभं राहून घोडा तोफेच्या तोंडी द्यायला असा स्वार तयार नसतो. इंग्रज निरीक्षक मराठ्यांना याबद्दल नावं ठेवत. पण ज्याला घोडा वाचवायचा असतो तो वाटा शोधतो, रात्री चालतो, रसद तोडतो, आणि संध्याकाळी दिसला तिथे सकाळी नसतो. भित्रेपणा आणि युद्धशास्त्र यांच्यातली रेघ पुष्कळदा घोड्याच्या मालकीवरून ठरते, असं मला वाटतं.

त्या काळी गावच्या घोड्याची जात कुणी हजेरीपटावर लिहीत नसे. पण पी डी आणि सँटी नद्यांच्या खोऱ्यांतल्या शेतकऱ्याच्या दारात जे घोडं बांधलेलं असे, तेच मॅरियनच्या फौजेत आलं, आणि ते याच वंशाचं.

नोव्हेंबर १७८० मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने टार्लटनला मॅरियनच्या मागावर धाडलं. सात तास, सव्वीस मैल, नाले आणि चिखल तुडवत टार्लटनची पलटण मंक्स कॉर्नरच्या उंच घोड्यांसारख्या घोड्यांवरून धावली. ऑक्स स्वाम्प नावाच्या दलदलीपाशी येऊन थांबली. पुढे वाट नव्हती, निदान त्यांच्या घोड्यांना नव्हती. या म्हाताऱ्या कोल्ह्याला सैतानही पकडू शकणार नाही अशा अर्थाचं काहीतरी वैतागून बोलून टार्लटन मागे फिरला, आणि मॅरियनला ‘स्वाम्प फॉक्स’ हे नाव चिकटलं ते तिथून, असं मानतात.

नाव शत्रूने दिलेलं. इथे थोडं थांबा. ‘गनिमी कावा’ हा शब्द आपण अभिमानाने उच्चारतो. गनीम म्हणजे शत्रू, आणि मोगलांच्या लेखी गनीम म्हणजे मराठे. आपल्या युद्धपद्धतीचं नावही शत्रूच्या तोंडून आलेलं. युरोपात ‘गेरिला’ हा शब्द रुळला १८०८ नंतर, नेपोलियनविरुद्धच्या स्पॅनिश लढ्यात. म्हणजे १७८० मध्ये मॅरियन जे करत होता त्याला इंग्रजीत ‘गेरिला’ हा शब्द अजून नव्हता. मराठीत ‘गनिमी कावा’ होता.

मॅरियनच्या दोन गोष्टी साउथ कॅरोलायनात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतात. ब्लॅक मिंगो ओढ्यावर रात्री छापा घालायला निघाले असताना लाकडी पुलाच्या फळ्यांवर टापा वाजल्या आणि समोरचे सावध झाले. तेव्हापासून पूल ओलांडायचा तर आधी त्यावर घोंगड्या अंथरायच्या, असा त्याचा शिरस्ता पडला. दुसरी गोष्ट रताळ्यांची. कैद्यांची अदलाबदल करायला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला मॅरियनने जेवायला बसवलं आणि पुढे आली ती राखेत भाजलेली रताळी. पगार नाही, तंबू नाही, जेवण हे असं, तरी ही माणसं लढताहेत, हे पाहून तो अधिकारी हबकला. आपल्याकडे बाजीरावाची आख्यायिका आहे. निजामाने त्याचं चित्र काढायला चितारी पाठवला, आणि चित्र आलं ते घोड्यावर चालता चालता हातात कणसं चोळून दाणे तोंडात टाकणाऱ्या स्वाराचं. रताळं आणि कणीस. दोन्ही गोष्टी किती खऱ्या ते सोडा. हलकी फौज हलकी का असते हे दोन्ही जनांनी एकाच तऱ्हेने लक्षात ठेवलं.

रताळ्यांच्या प्रसंगाचं जॉन ब्लेक व्हाइटने काढलेलं चित्र वॉशिंग्टनला सिनेटच्या संग्रहात आहे. त्यात मॅरियनच्या शेजारी एक काळा माणूस आहे. दीडशेहून अधिक वर्षं त्याला नाव नव्हतं. तो ऑस्कर मॅरियन, मॅरियनचा गुलाम, युद्धभर त्याच्याबरोबर राहिलेला. २००६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या सहीने त्याच्या सेवेची अधिकृत दखल घेतली गेली. स्वातंत्र्यासाठी दलदलीत वणवण करणारा मॅरियन मळेवाला होता आणि माणसं विकत घेतलेला होता. हे झाकून त्याचं कौतुक करायचं काही कारण नाही. त्याचा मळा आज त्याच्याच नावाच्या लेक मॅरियन या जलाशयाखाली बुडालेला आहे.

आणि कॉर्नवॉलिस? टार्लटनला दलदलीत पाठवणारा हा लॉर्ड १७८१ च्या ऑक्टोबरात यॉर्कटाउनला शरण आला, ते इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत आहे. पुढचं मात्र आपल्या मुलांना आपणच सांगायला हवं. १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. १७९१ च्या मे महिन्यात टिपूची राजधानी घ्यायला निघाला. श्रीरंगपट्टणजवळची लढाई जिंकूनही त्याला शहर घेता आलं नाही. पाऊस लवकर आलेला, बैल मरताहेत, धान्य संपलेलं, टिपूचे हलके स्वार जासूदही पोचू देत नाहीत. मोठ्या तोफा स्वतःच फोडून त्याने माघार घेतली. वाटेत मेलुकोट्याजवळ घोडेस्वारांचे थवे दिसले तेव्हा इंग्रज हत्यारं सरसावून उभे राहिले, शत्रूच आला असं समजून. ते निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे स्वार. मराठ्यांच्या लष्करी बाजारात धान्य होतं, सगळं होतं. भाव मात्र दामदुप्पट. उपाशी इंग्रजांनी ते मुकाट्याने दिले. दहा वर्षांपूर्वी कॅरोलायनात ज्या तऱ्हेच्या घोड्यांनी त्याची झोप उडवली होती, तसल्याच घोड्यांनी इकडे त्याला जगवलं. त्याला हे जाणवलं असेल का, कुणास ठाऊक. ज्या वर्षांत मॅरियन इंग्रजांची रसद तोडत होता त्याच वर्षांत, १७८१ च्या एप्रिलमध्ये, याच हरिपंतांनी आणि परशुरामभाऊंनी बोरघाटातून मागे फिरणाऱ्या जनरल गॉडर्डच्या फौजेचे लचके तोडले होते. म्हणजे एकच कंपू दोन गोलार्धांत एकाच वेळी, एकाच पद्धतीने, तट्टांकडून त्रासला जात होता.

ही तट्टं कुठली? भीमथडी, म्हणजे भीमेचा काठ. थडी हा तीर याच अर्थाचा शब्द आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे या नावाचा तालुकाच होता. स्थानिक तट्टांत अरबी आणि तुर्की रक्त मिसळून सतराव्या-अठराव्या शतकांत हा घोडा आकाराला आला. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात लिहून ठेवलं आहे की भीमा आणि माण यांच्या काठचे घोडे लहान असले तरी दख्खनमध्ये सर्वांत उत्तम आणि काटक समजले जातात. दलदलीने जे टॅकीचं केलं ते इथे कोरड्या माळाने केलं. कमी वैरण, कमी पाणी, दगडगोटे, घाट. जे टिकलं ते शिंगरांत उतरलं.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. फौज मोडली. शिलेदार शेतकरी झाले, आणि शेताला घोडा नव्हे, बैल लागतो. इंग्रजी पलटणींना उंच घोडे हवे होते. १८७६-७७ चा दुष्काळ पडला तो नेमका याच पट्ट्यात. मग भीमथडी कुणाकडे राहिली? संस्थानिकांच्या पागेत नव्हे. धनगरांकडे. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, पावसाळ्याआधी देशावर परतायचं, आणि या सगळ्या चालीत बिऱ्हाड वाहायचं ते या घोड्यांनी. पाठीवर घोंगड्या, भांडी, जाळी, वर बांधलेल्या कोंबड्या, कोकरू, कधी तान्हं पोर. पुण्याला असताना रस्त्याच्या कडेला तुम्ही हे घोडे शंभरदा पाहिले असतील. तो काही खास घोडा आहे असं तुमच्या-माझ्या मनात कधी आलं नाही.

इकडे कॅरोलायनात हेच काम गला लोकांनी केलं. किनाऱ्यावरच्या भातखाचरांसाठी आणि निळीसाठी पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचे हे वंशज. बेटांवर एकटे राहिल्याने त्यांची बोली, गाणी, टोपल्या विणण्याची कला टिकली. १८६१ च्या नोव्हेंबरात उत्तरेच्या आरमाराने हिल्टन हेड घेतलं, मळेवाले पळाले, आणि पुढच्याच वर्षी तिथे मुक्त झालेल्या काळ्या लोकांचं मिचेलव्हिल हे गाव उभं राहिलं. पुढे त्यांनी थोड्याथोड्या एकरांच्या जमिनी विकत घेतल्या. खेचर महाग, बैल हळू. मार्श टॅकी मात्र रानात चरून जगे आणि रविवारी सगळ्या घराला गाडीत घालून चर्चला नेई. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांच्या भीतीने या किनाऱ्यावर घोडेस्वारांची गस्त असे. त्यातही ही घोडी होती.

मग पूल आला. पुलाबरोबर रिसॉर्ट आले, रिसॉर्टबरोबर जमिनीचे भाव. गला कुटुंबांच्या जमिनी पुष्कळदा मृत्युपत्राशिवाय पुढच्या पिढीकडे गेलेल्या असत. तिथे याला ‘वारसांची मालमत्ता’ म्हणतात. तुम्ही-आम्ही याला सामाईक सातबारा म्हणू. चाळीस नावं, त्यातला एक हिस्सेदार दूर न्यू यॉर्कला. त्याचा हिस्सा बिल्डरने घ्यायचा आणि कोर्टात जाऊन अख्ख्या जमिनीचा लिलाव मागायचा. कायदेशीर होतं सगळं. जमीन गेली तशी चराई गेली, चराई गेली तसं घोडं गेलं. गावाला भाऊबंदकीत जमीन अडकलेला कुणीही मराठी माणूस हे वाचून मान हलवेल. धनगरांचंही याहून वेगळं नाही. माळांवर कुंपणं आली, बारमाही ऊस आला, मेंढरं बसवायला शेत रिकामं राहिना.

१९८०-९० च्या दशकांत मार्श टॅकी संपलीच असं पुष्कळांनी धरलं होतं. काही घरांनी मात्र सोडली नव्हती. मोठ्या योजनेसाठी नव्हे, शिकारीला जायला बरी पडते म्हणून, आजोबांची होती म्हणून. नामशेष होत चाललेल्या पाळीव जातींसाठी काम करणारी लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी ही संस्था नॉर्थ कॅरोलायनात पिट्सबरोला आहे, कॅरीतल्या मराठी घरांपासून अर्ध्या-पाऊण तासावर. तिच्या पुढाकाराने उरलेली घोडी शोधली गेली, डीएनए तपासला गेला, स्पॅनिश वंश पक्का झाला. २००७ मध्ये पाळणाऱ्यांची संघटना झाली, नोंदवही सुरू झाली. २००९ मध्ये हिल्टन हेडच्या वाळूत पुन्हा शर्यत धावली. २०१० मध्ये साउथ कॅरोलायनाने मार्श टॅकीला राज्याचा वारसा-घोडा ठरवलं. तरीही आज जगात जी आहेत ती काही शेकड्यांत. संस्थेच्या यादीत अजूनही सर्वांत धोक्याच्या रकान्यात.

मी बाईंना विचारलं, विकता का? म्हणाल्या, विकते, पण आधी घर बघून येते. आमच्याकडे मुलगी देतात तसं, हे इंग्रजीत कसं सांगावं ते मला सुचेना. त्यांची खरी काळजी पैशाची नव्हती, नात्यांची होती. इतक्या थोड्या घोड्यांत जवळच्या नात्यात जोड लावून चालत नाही. त्यांच्याकडे वंशावळीचा तक्ता होता, आणि कुठली घोडी कुठल्या राज्यातल्या घोड्याकडे पाठवायची यावर फोनाफोनी चालू होती. कुंडली जमवणं बघा.

भीमथडीच्या वाट्याला हे दिवस आता आले आहेत. बारामतीकडच्या अश्वप्रेमींनी पाठपुरावा केला, धनगरांच्या वाड्यांवर जाऊन मोजमापं घेतली गेली, रक्ताचे नमुने तपासले गेले, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशुआनुवंशिक संशोधन संस्थेने अगदी अलीकडे भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. मारवाडी, काठियावाडी, झंस्कारी, स्पिती, मणिपुरी, भुतिया आणि कच्छी-सिंधी यांच्या पंक्तीत ती आठवी. मारवाडी घोडा तर २००० सालीच मॅसॅच्युसेट्समधल्या एका बेटावर पोचला. तिथल्या एका बाईंना राजस्थानात त्याचा लळा लागला होता. भीमथडीसाठी अजून कुणी इकडे वेडं झालेलं ऐकलं नाही.

मान्यतेचा कागद आला की भाव वाढतो. आता भीमथडीच्या जातिवंत शिंगरांना शौकीन गिऱ्हाईक मिळेल, प्रदर्शनं भरतील, लगामांना गोंडे लागतील. पण धनगराच्या घोड्याला पाठीवर बिऱ्हाड नसेल, वर्षाला शेकडो मैल चाल नसेल, तर दोन-चार पिढ्यांनी हाती राहील तो सुंदर, गुबगुबीत, भीमथडी नावाचा घोडा. कॅरोलायनातल्या बाईंनी घोडी चिखलाच्या बाजूला का ठेवली आहेत ते मला निघताना कळलं. पलीकडचं कोरडं कुरण त्यांचंच होतं, फाटक मुद्दाम लावलेलं होतं.

जायचं ठरवलंत तर वसंतात जा, शिंगरं तेव्हा असतात. उन्हाळ्यात डास घोड्यांनाही सोडत नाहीत. फोन आधी करा, मुलांना जुने बूट घाला. आणि बाईंना रताळ्यांची गोष्ट माहीत आहे. त्यांना कणसाची सांगा.